नाही न म्हणणाऱ्या कचेरीची बखर

श्रीधन्वंतरी प्रसन्न. ज्याने अमृताचा कलश हाती धरिला आणि घोट देताना कोणाचे गाव पुसिले नाही, त्याचे चरणी मस्तक ठेवोन विनंती ऐसी जे. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सर, ते वर्षी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, नदीकाठच्या एका कसब्यात आरोग्यदान खात्याची कचेरी होती, तेथील हे वर्तमान. हे लिहावे ऐसी आज्ञा कोणी केली नाही. सेवक त्या कचेरीत सात तपासनिसांपैकी एक होता, काही डोळ्यांनी देखिले, काही हातांनी केले, आणि ते पोटात ठेवोन अन्न गोड लागेना, सबब लिहितो.

राज्याचा रिवाज येणेप्रमाणे होता. रयतेपैकी जो गरीब आणि दुखणाईत, त्याचे औषधपाणी, शस्त्रक्रिया, इस्पितळातील खाट, सर्व सरकारातून व्हावे, ऐसे हुजुरांनी मोठ्या मनाने ठरविले होते. परंतु मागणारे बहुत आणि खाटा थोड्या, म्हणोन पात्र कोण हे ठरविणे आले, आणि ठरविणे आले म्हणोन कायदे आले, आणि कायदे आले म्हणोन आम्ही आलो. अर्जदाराने डॉक्टरचा कागद आणावा, गरिबीचा दाखला आणावा, आणि एकाच गावी पाच वर्षे सलग राहिल्याचा दाखला आणावा. मग तपासनिसाने कागद वाचोन पात्र अथवा अपात्र ऐसा शेरा मारावा, आणि मुख्य तपासनिसांनी तो शेरा पाहोन हिरव्या शाईने सही करावी. सहीवाचून शेरा म्हणजे नुसता डाग. पात्रांचे कागद एका कापडात बांधीत, अपात्रांचे दुसऱ्यात, आणि त्या कापडी गाठोड्यांस रुमाल म्हणत. ऐसे दोन रुमाल कचेरीत पूर्वापार होते.

चैत्रात मुख्य तपासनीस म्हणोन मथुराबाई कोठुळे रुजू जाहल्या. वय पन्नाशीचे, यजमान वारलेले, मूलबाळ नाही, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधिलेली. डोंगरी तालुक्याच्या कचेरीत सव्वीस वर्षे शेरे मारोन त्या या जागेवर आल्या होत्या. पहिले दिवशी त्यांनी आम्हां सातांस समोर बसविले आणि आपली एक गोष्ट सांगितली. त्या नव्या असता एक बुरूड अर्ज घेवोन आला, पोटात गाठ होती, आणि एका कागदावर त्याचे नाव किसन आणि दुसऱ्यावर कृष्णा, एवढ्यावरोन बाईंनी कायद्याप्रमाणे अपात्र लिहिले. त्यास वाचता येत नव्हते. त्याने पुसिले, "काय लिहिलंय बाई?" बाईंनी सांगितले. तो म्हणाला, "बरं. येतो मग." आणि विकावयाची सुपे डोक्यावर घेवोन पायऱ्या उतरला. "भांडला असता तर मी विसरले असते," मथुराबाई बोलिल्या. "तो 'येतो' म्हणाला आणि परत आला नाही. म्हणून या कचेरीत एवढं करा. कागद वाचताना माणूस समोर बसलाय असं समजून वाचा. आणि पुरावा कमी पडला म्हणून कुणाला लगेच नाही म्हणू नका. कागद बाजूला ठेवा, पुरावा शोधू, वाट पाहू. नाही म्हणायला काय, कधीही म्हणता येतं."

आम्हांस हे बहुत आवडले. कारण नाही लिहिणे आम्हांसही जड जात होते, आणि लिहोन घरी गेल्यावर मुलांवर ओरडणे होत होते. मग त्याच दिवशी शिपायाकडोन नवे कापड आणविले आणि तिसरा रुमाल बांधिला, आणि त्यावर मथुराबाईंनी स्वहस्ते 'विचाराधीन' ऐसे लिहिले. पुराव्यात उणे असलेला प्रत्येक कागद त्यात जावो लागला. बाई बसोन राहणाऱ्या नव्हत्या. पाटलांस पत्रे लिहीत, शाळांतोन हजेरीपट मागवीत, मतदारांच्या याद्या चाळीत, आणि ज्याचा पुरावा सापडे त्याचा कागद काढोन पात्रांत घालीत. ऐसे पन्नाससाठ जणांचे कल्याण त्यांच्या हातोन जाहले, हे कोणी नाकारू नये. परंतु पुरावा सापडे एकाचा तंव आत पडत चौघांचे, आणि रुमाल दर महिन्यास जाड होत गेला.

आमच्यात वडील इस्माईलभाई बागवान म्हणोन तपासनीस होते. चोवीस वर्षे त्याच कचेरीत, बोलणे थोडे, अक्षर मोत्यासारखे. ते आषाढात एक दिवस मथुराबाईंच्या मेजापुढे जावोन उभे राहिले आणि बोलिले, "बाई, नदीपलीकडे मठाचं इस्पितळ आहे. तिथं फुकट उपचार होतात. पण सरकारचा आणि मठाचा करार आहे. ज्याचा अर्ज सरकारदरबारी पडलाय त्याला मठानं हात लावायचा नाही. सरकारनं नाकारला, की तो मठाचा. तिथं आपलं नकारपत्र दाखवावं लागतं." मथुराबाई ऐकत होत्या, परंतु हातात एका शाळेचा हजेरीपट होता आणि त्यात एक नाव नुकतेच सापडले होते. त्या बोलिल्या, "सरकारनं करायचं ते मठावर का ढकलायचं, इस्माईलभाई? थोडी वाट पाहू." ते बरे म्हणोन जागेवर गेले. श्रावणात त्यांनी पुन्हा सांगितले आणि उत्तर तेच आले.

भाद्रपदात सहामाहीचे आकडे राजधानीस रवाना जाहले. मागील वर्षी याच सहामाहीत आमच्या कचेरीतोन तीनशे नकार गेले होते, या वेळी अकरा. आरोग्यदिवाण यांनी तो आकडा वाचिला, आणि मनात मोठे संतोषले, आणि हुजुरांच्या कानी घातला, आणि हुजुरांनी भर दरबारात सांगितले की आमच्या राज्यात दुखणाइतास नाही म्हणत नाहीत. मग दिवाण खासा आमच्या कसब्यास आले, मांडव घातला, आणि मथुराबाईंस शाल आणि नारळ दिला. बाई संकोचोन उभ्या होत्या. त्यांनी बोलण्याचा प्रयत्न केला की, साहेब, हे अर्ज मंजूर नाहीत, नुसते थांबले आहेत, परंतु तितक्यात चौघडा वाजो लागला. आणि आठ दिवसांनी राज्यातील सर्व कचेऱ्यांस हुकूम आला: यापुढे हुजूरपरवानगीवाचून कोणासही नकार लिहू नये, कोठुळे बाईंची रीत सर्वांनी चालवावी. येणेप्रमाणे बाईंची दया राज्याचा कायदा जाहली. त्या दिवशी इस्माईलभाईंनी डबा उघडिला आणि तैसाच बंद केला.

पुढे आश्विनात तिमा धोत्रे आला. जातीचा पाथरवट, गावोगाव हिंडोन दळावयाची जाती आणि पाटे-वरवंटे घडवी, जुन्यांस टाकी लावी. उंच, वाळलेला, बोटांवर दगडाची पांढरी धूळ कायमची. बायको यल्लूबाई, वय एकतीस, तिच्या हृदयातील एक झडप निकामी जाहली होती, चार पावले चालली की ऊर भरोन येई. डॉक्टरने लिहोन दिले होते की शस्त्रक्रिया करावी, विलंब नसावा. तो अर्ज इस्माईलभाईंकडे आला. गरिबीचा दाखला होता, डॉक्टरचा होता, एका गावी पाच वर्षे राहिल्याचा नव्हता. इस्माईलभाई त्यास मथुराबाईंकडे घेवोन गेले. बाईंनी त्यास खुर्ची दिली आणि पुसिले, "तुमचं गाव कोणतं?" तिमा म्हणाला, "चाळीस गावं हायेत बाईसाहेब. चाळीस गावात माझं पाटं हायेत. कुठल्या बी घरात इचारा." बाई बोलिल्या, "एका गावात पाच वर्षं राहिलात असं कुठे लिहिलेलं आहे का?" तो थोडा विचार करोन म्हणाला, "पाटा येकदा घेतला की घरात दोन पिढ्या चालतो. पाच वर्सं येका गावात राहिलो तर खायाचं काय?" नकार लिहिण्यास हुकुमाची मनाई, आणि मंजूर लिहावे तर वरील तपासणीत कागद परत फिरे आणि लिहिणाऱ्याची भाकर जाई. मग बाईंनी चाळीस गावांची नावे विचारोन उतरोन घेतली, पाटलांस पत्रे लिहिते म्हणाल्या, आणि तो कागद तिसऱ्या रुमालात गेला.

पत्रे गेली हे सेवक शपथेवर सांगतो, कारण पंधरा पत्रे माझ्याच हाताची होती. पाटलांची उत्तरे आली की सदर तिमा धोत्रे यास ओळखतो, माणूस सरळ आहे, आमच्या येथे पंधरा दिवस राहतो आणि जातो. चाळीस गावांत पंधरापंधरा दिवस राहिलेल्याची पाच वर्षे होत नाहीत. तिमा दर बाजाराचे दिवशी येई, चपला बाहेर काढोन उंबऱ्याशी उभा राही, आणि आम्हांपैकी कोणी तरी सांगे की विचाराधीन आहे. तो मान हालवी आणि जाई. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष गेला.

माघात एक सोमवारी तो आला तेव्हा उंबऱ्याशी थांबला नाही, थेट बाईंच्या मेजापुढे येवोन उभा राहिला आणि हात जोडिले. "बाईसाहेब, मला नाय म्हणून लिहून द्या."

मथुराबाईंस वाटले ऐकण्यात चूक जाहली. "काय लिहून देऊ?"

"नाय म्हणून. बायकोचं काम हुणार नाय असं. शिक्का मारून द्या."

"अहो, पण आम्ही नाही म्हटलेलंच नाही. तुमचा अर्ज अजून जिवंत आहे."

तिमा म्हणाला, "अर्ज हाये. ती ऱ्हाईल का नाय ठावं नाय." आणि मग सावकाश, कोणास दोष न देता, त्याने सांगितले की तो तीन वेळा बायकोस होडीत घालोन मठाच्या इस्पितळात घेवोन गेला, आणि तेथील डॉक्टर भला, त्याने छातीस नळी लावोन पाहिले आणि म्हणाला करतो, उद्या करतो, पण सरकारचा नकार आण. "तिसऱ्या येळंला त्यो म्हनला, तुझ्यावानी लई लोक येत्यात, समद्यांचं कागद तुमच्या त्या कचेरीत अडकल्यात. पयलं नकार मिळायचा, आता मिळत नाय. मी म्हनलं, मी मागून आणतो. नाय म्हणायला काय लागतंय."

कचेरीत सर्व लेखण्या थांबल्या. मथुराबाईंनी चष्मा काढोन मेजावर ठेविला आणि इस्माईलभाईंकडे पाहिले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"होय बाई. तुम्हालाही सांगितलं होतं. आषाढात आणि श्रावणात."

"पुन्हा का नाही सांगितलंत?"

इस्माईलभाई उभे राहिले. "शाल आली त्यानंतर मला बोलवेना," ते म्हणाले. "चूक माझीही आहे. मी दुसऱ्या दिवशी सांगेन, दुसऱ्या दिवशी सांगेन, असं करत राहिलो." बाईंनी आम्हां बाकी सहांकडे नजर फिरविली, आणि आम्ही खाली पाहिले, कारण आम्हांसही ठाऊक होते, आणि नाही लिहावे लागत नाही या सुखात आम्ही ते बाजूस ठेविले होते. मग मथुराबाई तिमास म्हणाल्या, "मला आठ दिवस द्या. परवानगी मागवते." तो म्हणाला, "तुमी म्हणाल तसं." आणि त्या दिवशीही तो मान हालवोनच गेला.

बाईंनी दिवाणांस पत्र लिहिले की तिसऱ्या रुमालातील लोकांस सरकार देवो शकत नसेल तर नाकारण्याची परवानगी द्यावी, म्हणजे ते अन्यत्र तरी जातील, विलंब जाहल्यास माणसे दगावतील. आठ दिवस गेले, उत्तर नाही. दुसरे पत्र, स्वार पाठविला. अठराव्या दिवशी उत्तर आले ते दोन ओळींचे: कचेरीचा लौकिक उत्तम आहे, तो तैसाच राखावा. नकाराची परवानगी देता येत नाही. बाईंनी ते वाचिले आणि मला म्हणाल्या, "चला, त्या बाईला बघून येऊ."

पाथरवटांची पाले गावाबाहेर खडकाळ माळावर होती. दुपारचे ऊन, सगळीकडे छिन्नीचा आवाज. यल्लूबाई पालाच्या दाराशी दोन गोणपाटांस टेकोन बसली होती. आडवे होता येत नव्हते, आडवी जाहली की श्वास कोंडे, सबब दीड महिना बसोनच झोपत होती. पाय सुजोन गुळगुळीत जाहले होते, आणि मांडीवर एक लहान वरवंटा घेवोन ती त्यास टाकी लावीत होती, चार ठोके मारी आणि थांबे. तिने आम्हांस बसावयास पोते दिले. तिमा कामावर गेला होता. मथुराबाईंनी आपले नाव सांगितले. यल्लूबाईने त्यांच्याकडे नीट पाहिले आणि पुसिले, "तुमीच का त्या नाय न म्हणणाऱ्या बाई?"

त्यात टोमणा नव्हता, हे सेवक समक्ष ऐकोन लिहितो. तिला जे कळले होते तेच तिने विचारिले. मथुराबाई म्हणाल्या, "हो. मीच."

"मालक सांगत व्हते. म्हनले, बाई चांगली हाये, खुर्ची देती बसाया." मग श्वास घेतला. "म्या म्हनलं त्यास्नी, चांगली हाये तर मग पाया पडून मागा." मथुराबाईंनी पुसिले, "दुखतं का फार?" यल्लूबाई म्हणाली, "दुखत नाय. पाण्यात बुडल्यावानी हुतं. वर यायचं आन् पुन्ना जायाचं." आणि तिने वरवंटा उचलोन पुन्हा चार ठोके मारिले. परत आल्यावर बाई कचेरीच्या पायऱ्यांशी उभ्या राहोन म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी त्या बुरडाला घाबरले. हिला घाबरायला हवं होतं."

दुसरे दिवशी सकाळी कचेरी उघडताच मथुराबाईंनी तिसरा रुमाल सोडिला, धोत्रे यांचा कागद काढिला, स्वहस्ते अपात्र लिहिले, हिरव्या शाईने सही केली, आणि इस्माईलभाईंनी तो कागद जातीने माळावर नेवोन दिला. तिमाने तो दोन्ही हातांनी घेतला. त्याच दिवशी दुपारी होडी करोन तो यल्लूबाईस पलीकडे घेवोन गेला, आणि मठाच्या डॉक्टरने तत्काळ खाट दिली. मग आम्ही वाट पाहो लागलो. बाई कामात होत्या, परंतु पायरीवर पाऊल वाजले की मान वर होई.

नवव्या दिवशी तिमा एकटा आला. चपला बाहेर काढिल्या आणि उंबऱ्याशी पूर्वीसारखाच उभा राहिला. मथुराबाई स्वतः उठोन त्याच्यापाशी गेल्या. तो म्हणाला, "सहाव्या दिशी गेली. डाक्टर म्हनला, पौषात कागद आणला असता तर झालं असतं. छाती पाण्यानं भरली व्हती. त्यानं लई केलं." तिमाने मुंडाशातोन घडी केलेला कागद काढिला, तोच नकाराचा कागद, आणि बाईंपुढे धरिला. "ह्यो परत घ्या. तितं लई माणसं भेटली, समदी कागदासाठी अडल्याली. कुणाच्या तरी उपेगाला यील." एकाचा नकार दुसऱ्यास चालत नाही, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. बाईंनीही सांगितले नाही. कागद घेतला, आणि तो पायऱ्या उतरोन दिसेनासा होईपर्यंत तेथेच उभ्या राहिल्या.

मग आत येवोन म्हणाल्या, "दारं उघडी ठेवा. रुमाल सोडा." त्या दिवशी तिसऱ्या रुमालात दोनशे अकरा कागद होते. बाईंनी आम्हां सातांस सांगितले, "हुकूम मोडतेय तो मी मोडतेय. सही माझी आहे. ज्याला भीती वाटते त्यानं घरी जावं, मी त्याची रजा मांडते." कोणी गेले नाही. इस्माईलभाई एकेक कागद वाचोन देत, डॉक्टरने काय लिहिले ते मोठ्याने सांगत, ज्यांचे दुखणे थांबण्यासारखे नाही ते आधी, आणि बाई लिहीत, अपात्र, अपात्र, अपात्र, आणि सेवक शिक्का मारी. ऐसे तीन दिवस चालले. बाईंच्या बोटांस हिरवा डाग पडला तो निघेना. गावोगाव निरोप गेले, आणि लोक येवो लागले. नकार घ्यावयास आलेली ती रांग ज्याने देखिली तोच जाणे. एक म्हातारी कागद छातीशी धरोन म्हणाली, "देव भलं करो बाई, नाही म्हणालीस," आणि मथुराबाईंनी मान खाली घातली ती म्हातारी जाईपर्यंत वर केली नाही.

ही बातमी राजधानीस पोचली, आणि चौथे दिवशी दिवाणांचा कारभारी घोड्यावर आला, सोबत नवे मुख्य तपासनीस, आणि हुकूम: कोठुळे बाईंनी परवानगीवाचून नकार लिहिले, हुजुरांच्या लौकिकास बाध आला, सबब त्यांस कामावरोन दूर केले, आणि सर्व नकार रद्द. मथुराबाईंनी हुकूम वाचिला आणि कारभाऱ्यांस एकच विनंती केली. "मला दूर करा. शिक्षा द्या. पण ते कागद लोकांच्या हाती राहू द्या." कारभारी मर्यादशील माणूस होता, आवाज चढविला नाही. म्हणाला, "बाई, ते सरकारी कागद आहेत. बेकायदा आहेत. परत घ्यावेच लागतील." मग होडीच्या धक्क्यावर शिपाई उभे केले, आणि पलीकडे जाण्यास आलेल्यांचे नकार काढोन घेतले, आणि गावोगाव फिरोन उरलेलेही गोळा केले. त्यापूर्वी नदी उतरोन गेले ते एकोणीस. मठासही पत्र गेले की त्या एकोणिसांस परत पाठवावे. मठाच्या डॉक्टरने उलट लिहिले की नकार रद्द जाहला असेल, दुखणी रद्द जाहली नाहीत, त्यांस खाटेवरोन उठविणार नाही. त्यांपैकी चौदा आज हिंडतात फिरतात.

उरले एकशे ब्याण्णव. इस्माईलभाईंची बदली मिठाच्या कोठारावर जाहली. जाताना ते मला म्हणाले, "तू राहा. कुणीतरी वाचता येणारा आत राहिलेला बरा." सेवक राहिला. नव्या तपासनिसांनी तिसरा रुमाल पुन्हा बांधावयास सांगितले, आणि तो मी बांधिला. एकशे ब्याण्णव वेळा विचाराधीन हा शब्द याच हाताने लिहिला. घरी माणसे चार, मिळवता मी एक, हे खरे. पण हे कारण म्हणोन लिहिलेले नाही.

शके एकोणीसशे बावीस, विक्रम नाम संवत्सर, भाद्रपदात पुन्हा आकडे राजधानीस गेले. त्या सहामाहीत तिसऱ्या रुमालातोन त्र्याहत्तर प्रकरणे निकाली निघाली होती. निकालाचा शेरा त्र्याहत्तर ठिकाणी एकच, अर्जदार मयत. वर जो आकडा गेला त्यात शेरा नव्हता, फक्त निकाली त्र्याहत्तर ऐसे होते. कचेरी कामास चपळ जाहली म्हणोन शाबासकी आली.

आश्विनात मी मथुराबाईंस भेटावयास गेलो. भावाचे गावी एका खोलीत राहत होत्या, चौकशी अजोन चालली होती. मला पाणी दिले, इस्माईलभाईंचे पुसिले, आणि मग म्हणाल्या, "किती राहिले आहेत?" मी म्हणालो, "एकशे एकोणीस, बाई." त्या म्हणाल्या, "गेले त्यांची नावं सांग."

मी पाण्याचे भांडे खाली ठेविले. त्यांनी पुन्हा पुसिले. "नावं सांग ना. त्र्याहत्तरच तर आहेत." मी म्हणालो, "बाई, मला क्रमांक ठाऊक आहेत." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, रागे भरल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "बरं. क्रमांक सांग." आणि मी सांगत गेलो आणि त्या ऐकत बसल्या.

येणेप्रमाणे हकीकत. एका बाईंनी दयेने नाही म्हणण्याचे सोडिले, राज्याने ते सोडणे आवडोन घेतले, आणि पुढे बाई नाही म्हणो लागल्या तेव्हा राज्याने ऐकिले नाही. दोष कोणाचा ते ठरविण्याची सेवकाची पायरी नाही. तिसरा रुमाल आज सेवकाच्या मेजावर आहे, आणि कालच त्यात चार कागद नवे आले. लेखनसीमा.